वीतभर अंतरावरून

टेबलावर तीन माईक, त्यातला एकच माझा.
बाकीचे सोमवारी परत द्यायचेत.

जाड काळा, चार हजार दोनशेचा, रुझारचा.
चर्चच्या क्वायरसाठी घेतला, मग क्वायरच उरली नाही,
पोरं गेली मडगावला, कतारला.
बारीक रुपेरी, पेन्सिलीएवढा, सहा हजार आठशे;
काजू फॅक्टरीत हिशेब लिहून मी त्याचा एक हप्ता फेडलाय,
दोन अजून जायचेत.
तिसरा थेट कॉम्प्युटरला लागणारा, सामंतसरांचा.
त्यात गिटार पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी वाजते.
तो पुन्हा पिशवीत.

शिरोड्यात शांतता रात्री साडेअकरानंतर मिळते,
तीही उसनी.
आधी गावड्यांचा पंप थांबावा लागतो.
मग मी पंखा बंद करते, फ्रीजची पिन काढते
(सकाळी आई विचारते, बांगड्यांना वास कसा सुटला),
खिडकीला काजूची रिकामी पोती, दाराला दोन गोधड्या,
आणि घामाने गिटार मांडीवरून निसटत राहते.

"काळ्याक तांदळाच्या डब्यात ठेव गो,
खारो वारो लागलो तर करकरतलो."
म्हणून रुझारचा माईक रुमालात गुंडाळून
उकड्या तांदळात झोपतो.
बाहेर काढला की त्याला पेजेचा वास येतो.
आवाजात येत नाही. ऐकून पाहिलंय.

बटण दाबलं की लाल दिवा. फँटम पॉवर,
वायरीतून चालणारं अठ्ठेचाळीस व्होल्टचं भूत.
गावातली बाकीची भुतं नारळ घेऊन गप्प बसतात,
हे वीज बिलावर जगतं,
आणि लाईट गेली की सगळ्यात आधी पळतं.

बाराव्या पट्टीसमोर एक वीत.
माझी वीत; रुझारची मोठी आहे,
त्याच्या वितीवर आवाज जरा पातळ होतो.
तीच धून, सहा वेळा याच्यावर, सहा वेळा त्याच्यावर.

काळा माफ करणारा आहे.
लाकूड ऐकतो, चुकलेलं बोट ऐकत नाही.
भोकासमोर नेला तर घागरीत तोंड घालून बोलतो,
पण वीतभर लांब, थोडा तिरका, तर बरा.
त्याच्या मागे सारखं काहीतरी सळसळतं.
मला वाटलं, समुद्र.
मिठागरांपलीकडचा, इथवर ऐकू न येणारा समुद्र
यानेच तेवढा ऐकला!
दोन रात्री मी त्या सळसळीवर खूश होते.
तिसऱ्या रात्री त्याला तांदळात पुरला, झाकण लावलं,
वर उशी ठेवली आणि रेकॉर्ड केलं.
सळसळ होतीच.
"स्वस्त माईकाचो श्वास तो," रुझार फोनवर हसला.

रुपेरीला स्वतःचा श्वास जवळपास नाही.
तो नखं ऐकतो.
बोट तारेवरून सरकताना निघणारी चीर ऐकतो,
तांबोशाच्या खवल्यांवर सुरी उलटी फिरावी तशी.
पाल ऐकतो. भिंतीवर ती चुकचुकली
तेव्हा मी म्हणत होते, आता जमलं.

आणि हेडफोन लावून, डोळे मिटून, चौथ्यांदा ऐकताना
तो अजून एक गोष्ट ऐकतो हे मला कळलं.
एफ कॉर्डच्या आधी
माझा श्वास थांबतो.
चार मात्रा पूर्ण बंद.
मग कॉर्ड, मग नाकातून हवा,
पोत्याचं तोंड सुटल्यासारखी.
प्रत्येक वेळी. बाराच्या बारा वेळा;
काळ्याच्या फाईली पुन्हा लावल्या,
सळसळीखाली तिथेही तेच.
साळगावचे मास्तर पाच वर्षं समोर बसून शिकवत होते,
त्यांनी माझं मनगट पाहिलं, अंगठा पाहिला.

मी सगळं पुसून टाकणार होते.
मग नुसतीच माईकसमोर बसले, गिटार न घेता,
लाल दिवा चालू,
आणि एफच्या जागेवर श्वास घ्यायला शिकत राहिले,
गावड्यांचा पंप पुन्हा सुरू होईपर्यंत.

सोमवारी काळा परत दिला.
तांदूळ आईने शिजवले.
एफ अजून अडतो.